हनुवटीखालची गाठ

ही गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असेल. ऐकली असेल तर हसलाही असाल — मी ती सांगतोच तशी. पुढारी घोडीवर बसतो, कमानीपाशी फोटोसाठी ताठ होतो, आणि पुढच्या क्षणी पाणपोईच्या चिखलात बसलेला असतो. फेटा मात्र डोक्यावर जसाच्या तसा. लग्नाच्या पंगतीत, शिक्षकांच्या शिबिरात, कुणाच्या ना कुणाच्या निरोपसमारंभात — पस्तीसेक वर्षं मी ही गोष्ट सांगत आलो. फेट्यापाशी थांबायचं, हशा ओसरू द्यायचा, मग पुढे जायचं, हे तंत्रसुद्धा अंगवळणी पडलं होतं.

पण ती अर्धी गोष्ट होती. उरलेली अर्धी बायकोलाही ठाऊक नाही. आज का सांगतो आहे? विशेष कारण नाही. सांगून थकलो, आणि न सांगूनही थकलो. तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालतो. मधे थांबलो तर थांबू द्या.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी खामगावचा, कारकुनाचा मुलगा. मॅट्रिकनंतर मास्तरकी मिळाली ती एका खेड्यात. मोताळ्याच्या आठवडी बाजाराला पायी जाऊन दिवेलागणीआधी परत येता यावं, इतक्या अंतरावरचं गाव. माझ्यापाशी एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. गावातल्या कुणापेक्षाही आपण जास्त वाचलं आहे हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. त्यानंतर शिकण्यासारखं काही उरलं नाही, असा माझा समज झाला. वय बावीस. या वयात असे समज फार टिकाऊ असतात.

खोली मिळाली ती उकर्डाजींच्या अंगणात. उकर्डाजी तेव्हा साठीचे. चार एकर कोरडवाहू, घरात बायको — तिला सगळं गाव जिजी म्हणे — आणि दारात एक पांढरी घोडी, साळू. मुलगी लग्न होऊन सोनाळ्याकडे दिलेली. शेतीवर पोट भरे, पण उकर्डाजींना गावोगाव ओळखत ते साळूमुळे. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या देवळात जातो — परण्या म्हणतात त्याला — आणि पंचक्रोशीतला परण्या साळूशिवाय निघत नसे. बाजा कानाशी वाजो, पोरं शेपटीखाली फटाके फोडोत, घाबरून नवरदेव तिची आयाळ उपटो — साळू चालत राही. उकर्डाजी पुढे, दोरी हातात सैल. ती दोरी कधी ताणलेली मी पाहिली नाही. ही सैल दोरी लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

साळूच्या तोंडात लोखंड नव्हतं. लगाम नाही, दातांमागे बसणारी कडी नाही. नुसती दोरीची म्होरकी — एक फेर नाकावर, एक कानामागून, आणि हनुवटीखाली गाठ. तिथूनच हातात धरायची दोरी निघते. लोकांना याचं नवल वाटे. कारण असं, की साळू उकर्डाजींकडे आली तेव्हा जीभ एका बाजूनं चिरलेली होती. आधीचा मालक टांगेवाला, त्याच्याकडे काटेरी कडी. ती जखम भरली, पण कडबा खाताना अर्धा खाली पडे. आणि लोखंड नुसतं वाजलं तरी कान मागे पाडून ती भिंतीला टेके. म्हणून उकर्डाजींनी तिच्या बादलीची लोखंडी कडीसुद्धा काढून तिथे दोरी लावली होती. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "तिले आठवते, गुरुजी. मंग आपून काऊन आठवण द्यावं?"

दोर वळायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. संध्याकाळी दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ग्रामीण हस्तकौशल्यावर एखादा लेख लिहावा, असं मनात होतं. लेख झाला नाही. दोर मात्र जमले. अंबाडीचे पेंढे नाल्यात भिजत घालायचे, कुजले की साल सोलायची — तो वास पंधरा दिवस हाताला — मग धुऊन, वाळवून, ढेऱ्यावर — हातानं फिरवायच्या लाकडी चातीवर — पीळ द्यायचा, आणि तीन पदर एकत्र वळायचे. वळलेल्या दोराचं कूस जाळावर धरून जाळायचं, करडीच्या तेलाची चिंधी फिरवायची. एवढं करूनही नवी म्होरकी उकर्डाजी लगेच घोडीला चढवत नसत. आठ दिवस स्वतःच्या उघड्या गळ्यात घालून वखरणीला जात. मानेचं कातडं सोललं नाही, तर घोडीचं सोलणार नाही, हा हिशेब. घामानं दोर मऊ होई ते वेगळंच. जिजी ओट्यावरून ओरडे, "पाह्यलं का गुरुजी? घोडीच्या आंधी मीनं यायले बांधलं असतं, तं एवढे उंडारले नसते!"

उकर्डाजी गळ्यातली दोरी चाचपत म्हणत, "बांधलंच हाय की तुनं. चाळीस वरसं झाले."

गाठींचे त्यांचे दोन नियम होते. खुंट्याला बांधताना गाठ अशी मारायची, की एका हिसक्यानं सुटली पाहिजे. जनावर बिथरलं तर सोडता यावं. आणि हनुवटीखाली बरोबर उलट — तिथली गाठ हलता कामा नये. ओढा, ताणा, लटका, नाकावरचा फेर तेवढाच राहिला पाहिजे. पहिल्या दिवशीच त्यांनी माझी बोटं धरून साळूच्या नाकावर ठेवली. वर हाड, खाली मऊ. "येथं सरकती गाठ बसली ना गुरुजी, तं घोडं मेलं समजा. बैल तोंडानं दम घेते, कुत्रं घेते. घोडं नाई घेत. त्याले नाकच."

हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते मला ठाऊक नव्हतं असं तुम्ही समजू नये. ठाऊक होतं. बोटांना ठाऊक होतं.

आता त्या पुढाऱ्याविषयी. त्यांचं नाव नको. शाळेला दोन नव्या खोल्या झाल्या होत्या, आणि खोल्या उघडायला माणूस लागतो. खरं म्हणजे कडी काढली की खोली उघडते. पण हे मी हेडमास्तरांना म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मानपत्र लिहिण्याचं काम माझ्यावर आलं. महिनाभर गाव हललं. कमानी, लेझीम, सारवण, पताका. पोरांचे अभ्यास बंद. पाहुण्यांना वेशीपासून घोडीवरून आणायचं ठरलं, आणि उकर्डाजींना हिरवा अंगरखा शिवला गेला — साठीच्या माणसाला, ज्यानं जन्मात बंडी सोडून काही घातलं नव्हतं.

मानपत्र मी लिहिलं. चांगलं लिहिलं. पाहुण्यांना 'कर्मयोगी' म्हटलं, त्यांचं कर्म कोणतं याची चौकशी न करता. 'उदारहृदयी' म्हटलं. 'या भूमीचे पांग फेडणारे सुपुत्र' म्हटलं. हेडमास्तरांना इतकं आवडलं, की वाचायचंही मीच, असं ठरलं. मी नको म्हणू शकलो असतो का? असतो. बदली झाली असती कदाचित. बहुधा तीही झाली नसती. पण मी नको म्हटलं नाही. आरशापुढे उभा राहून दोनदा वाचून पाहिलं, आणि स्वतःचीच किळस आली — आणि आवाज बरा लागतो आहे, असंही वाटलं. दोन्ही एकदम.

समारंभाच्या दिवशी सकाळी साळू शाळेमागच्या निंबाखाली उभी होती. आंघोळ घातलेली, कपाळाला गोंडा, म्होरकी चढवलेली. उकर्डाजी अंगरखा घालायला वर्गात गेले होते. त्यांना बंद बांधता येत नव्हते आणि आतून दोन मास्तरांचं हसू ऐकू येत होतं. मी खिशात मानपत्र घेऊन तिथे आलो. का आलो? गर्दीपासून दूर उभं राहायला, असं मी स्वतःला सांगितलं. साळूनं माझ्या खिशाला नाक लावलं. तिथे एरवी गूळ असे.

मग मी हनुवटीखालची गाठ सोडली, आणि सरकती मारली.

झालं. इतकी वर्षं ज्याभोवती फिरलो, ते एवढ्याशा वाक्यात मावलं. पाव मिनिटाचं काम. मला वाटलं काय होतं? सांगतो, पण हे समर्थन म्हणून घेऊ नका. साळूला काही टोचलं की ती थांबते, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, उकर्डाजी दोरी ओढतील, फेर जरासा आवळेल, घोडी भर रस्त्यात थांबेल. लेझीमवाले जागच्या जागी नाचत राहतील. कर्मयोगी उन्हात घोडीवर ताटकळतील. पाच मिनिटं, फार तर दहा. तोंडानं मानपत्र वाचणार होतो ना — मग हातानं थोडा सूड उगवून घेतला. माझ्या स्वाभिमानाची किंमत मी दुसऱ्याच्या घोडीच्या नाकावर लावली, आणि त्याला त्या वेळी मनात काय म्हणत होतो ठाऊक आहे? निषेध.

मिरवणूक निघाली. आणि काहीच झालं नाही. कारण उकर्डाजी दोरी ओढतच नसत. ते पुढे चालत होते, हिरव्या अंगरख्यात अवघडलेले, दोरी सैल, आणि साळू मागून चालली होती, रोजच्यासारखी. वेशीपासून चावडी, चावडीपासून शाळा. चांगला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी तिच्या बाजूनं चालत होतो. "थांबा, गाठ बघू द्या," एवढं म्हणायचं होतं. कुणी विचारलंही नसतं काऊन म्हणून. पण माझ्या मनात काय होतं? सुटलो, असं? नाही. मला वाईट वाटत होतं, की गंमत फसली.

कमानीपाशी फोटोग्राफर उभा होता, मलकापूरहून बोलावलेला. तो म्हणाला, "साहेब, घोडीचं तोंड जरा वर घ्या." पाहुण्यांनी वाकून उकर्डाजींच्या हातातली दोरी घेतली आणि वर खेचली. जोरात. घोडीला लगाम असतो आणि तो खेचायचा असतो, एवढंच त्यांना ठाऊक.

अंबाडीचा दोर ओढला की बसतो. सैल सोडला तरी आपसूक सुटत नाही. फेर नाकाच्या मऊ भागात रुतला. साळू मागच्या पायांवर उभी राहिली. तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं, कुणीच नव्हतं. पाहुणे पाणपोईच्या चिखलात गेले, आणि इथे लोक हसतात, मी गोष्ट सांगतो तेव्हा. तिथेही हसले. बायकांनी तोंडाला पदर लावले. मग हसू थांबलं, कारण घोडी गुडघ्यांवर आली होती आणि तिच्या छातीतून एक आवाज निघत होता, कोरडा, आत ओढल्यासारखा. डोळे बाहेर. उकर्डाजींनी कमानीला फांद्या बांधणाऱ्याच्या हातातला विळा हिसकला आणि हनुवटीखाली घातला. दोर तुटला. साळूनं श्वास घेतला. तो श्वास अख्ख्या गर्दीनं ऐकला.

आता मी काय केलं, ते ऐका. लोक पाहुण्यांकडे धावले, उकर्डाजी घोडीकडे. मी दोराकडे धावलो. विळा गाठीशेजारून गेला होता, गाठ शाबूत होती. ती उचलली, खिशात घातली — मानपत्राच्या घडीत — आणि त्या संध्याकाळी आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत जाळली. तेल पाजलेला दोर होता. छान पेटला.

पाहुण्यांचं मनगट मुरगळलं होतं. चिखलात बसल्या-बसल्या ते पहिलं वाक्य बोलले ते असं — "म्हाताऱ्याला कोणी काही बोलू नका. मीच ओढलं. जनावर आहे ते." मग हात उपरण्यात अडकवून ते व्यासपीठावर बसले आणि मी मानपत्र वाचलं. 'उदारहृदयी' या शब्दापाशी माझा आवाज अडकला. लोकांना वाटलं, भरून आला. हे मी गोष्टीत कधीच सांगत नाही. पुढारी चांगला निघाला, की विनोद मरतो.

एवढंच असतं, तर मी हे केव्हाच सांगून टाकलं असतं. तरुणपणीचा चावटपणा, अंगाशी आला, जनावर वाचलं — असलं पाप माणूस हसत-हसत कबूल करतो, त्यात थोडी ऐटही मिरवतो. पण एवढंच नाही.

लग्नसराई तोंडावर होती. नवरदेवांचे बाप येऊन ओट्यावर बसू लागले. घोडी पाहिजे, पण लोखंडाची कडी घालून. नवरदेव पडला तर अपशकुन. पुढारी पडला ते पडला, पण हळद लागलेलं पोरगं पडलं तर त्याला जन्मभर नाव. नाहीतर मलकापूरकडून दुसरी घोडी आणतो. उकर्डाजी म्हणत, "लोखंड नाई घालत मी. तुमी तिकडूनच आना." एक गेला, दोन गेले. ते ढळले नाहीत. जिजी म्हणाली, "जाऊ द्या. शेती हाय आपल्याले." मला वाटलं, निभावलं. घोडी दारात बसून खाईल आणि माझं कुणाला कळणार नाही.

मग एका सकाळी मी वह्या तपासत बसलो होतो. उकर्डाजी दाराशी येऊन उभे राहिले. आत कधी येत नसत. त्या दिवशी आले, पेटीवर बसले. हाताची बोटं एकमेकांत घालून त्यांच्याकडेच पाहत होते.

"गुरुजी, तुमी खरं सांगा. मीनं आपल्या डोयानं पाह्यलं. फेर आवयला होता. म्हंजे गाठ सरकली. माही गाठ सरकू शकते का?"

चाळीस वर्षं गाठी मारणारा माणूस मला विचारत होता. मलाच का? कारण ती गाठ त्या गावात दोघांनाच येत होती — त्यांना आणि त्यांनी शिकवलं म्हणून मला. खोलीत आणखी कुणी नव्हतं. 'उकर्डाजी, ती तुमची गाठ नव्हती.' पाच शब्द. मी मोजले आहेत, पुष्कळदा. त्यांनी काय केलं असतं? मारलं नसतं. गावात सांगितलंही नसतं, असं मला वाटतं. फार तर माझ्याशी बोलले नसते. मला त्याचीच भीती वाटली — एका म्हाताऱ्याच्या नजरेतून उतरण्याची.

मी म्हणालो, "वय होतं, उकर्डाजी. हात पहिल्यासारखे राहत नाहीत."

त्यांनी एकदा उजवा हात उघडून पाहिला, मिटला. "हाव," म्हणाले. "तेबी खरं हाय."

कधी कधी एक सोयीचा विचार मनात येतो, की त्यांना ठाऊक असावं आणि त्यांनी माझा अपराध पोटात घातला असावा. पुस्तकं वाचणाऱ्याला असले शेवट सुचतात. तसं काही नव्हतं. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी शिकलेला होतो आणि त्यांचा पोरगा म्हणावा असा त्यांच्या अंगणात राहत होतो.

त्यानंतर त्यांचे हात खरोखरच कापू लागले. हे मी पाहिलं आहे. बैलाला दावं बांधलं, की चार पावलं जाऊन परत येत, गाठ ओढून बघत. पुन्हा जात, पुन्हा येत. विहिरीच्या पोहऱ्याची गाठ जिजीकडून मारून घेत. एके दिवशी मला म्हणाले, "म्होरकी आता तुमीच वळत जा, गुरुजी. माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला." मी वळत गेलो. म्हणजे, मी नाही म्हटलं नाही. दोन वर्षं, बदली होईपर्यंत, साळूचे सगळे दोर मी केले. पारावर उकर्डाजी लोकांना सांगत, "गुरुजीची गाठ सरकत नाई." माझ्यासमोर सांगत. मी मान खाली घालत असे, आणि लोकांना तो विनय वाटे.

लोखंड मात्र त्या दोन वर्षांच्या सुरुवातीलाच आलं. माझ्या उत्तरानंतरच्या बाजाराला ते मोताळ्याला गेले आणि कडी घेऊन आले. स्वतःच्या गाठीवर भरोसा उरला नाही, तेव्हा दोरीवरचाही गेला. आणि उद्या हे जनावर कुणा परक्या पोराला पाडेल, ही धास्ती बसली. "कोनाचं पोरगं मेलं तं?" असं जिजीला म्हणाले. काटेरी नाही, गुळगुळीत पाहून आणली होती. तिच्याभोवती जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली, करडीचं तेल लावलं. चिंधी असूनही ती वाजली, अंगणात आणताना. साळू भिंतीला टेकली.

पुढच्या हंगामात मी तिला दुसऱ्या गावच्या एका परण्यात पाहिलं. चालत होती. ओठांच्या कोपऱ्यांतून फेस गळत होता, गुलाबी. नवरदेवाच्या बापानं कौतुकानं सांगितलं, की आता घोडी एकदम ताब्यात आहे. मी जेवलो त्या लग्नात.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं, कडी पहिल्यांदा घातली तेव्हाचं. हेच ते, जे गोष्टीच्या कुठल्याच अर्ध्यात नव्हतं. ती तोंड उघडेना. घोड्याला पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये रिकामी हिरडी असते. तिथे अंगठा दाबला की तोंड उघडावंच लागतं. उकर्डाजींचा अंगठा थरथरत होता. दोनदा तिनं मान हिसडली, दोनदा कडी खाली पडली. जिजी घरात निघून गेली. साळूच्या डोक्यावर मी वळलेली नवी म्होरकी होती — अचल गाठीची, अगदी त्यांनी शिकवली तशी. उकर्डाजी म्हणाले, "धरा, गुरुजी. तुमचं ऐकते ते."

मी दोन्ही हातांनी धरलं. तिनं माझ्या खिशाला नाक लावलं. मग मागे सरकायचा प्रयत्न केला, आणि गाठ हलली नाही म्हणून तिलाही हलता आलं नाही. तोंड उघडलं. चिरलेली जीभ मला अगदी जवळून दिसली. लोखंड दातांवर वाजलं.

"घट्ट धरा," उकर्डाजी म्हणाले. ते रडत होते.

मी घट्ट धरलं.